शून्य रेखांशावरचा एक आखूड दिवस

लंडनच्या पूर्व भागात टेम्स नदी घोड्याच्या नालेसारखे एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या दक्षिण तीरावर ग्रीनिच हे जुने उपनगर वसले आहे. समोरच्या उत्तर तीरावर आज काचेच्या उत्तुंग इमारती उभ्या आहेत आणि त्यांतून बँकांचे व्यवहार चालतात; दोनशे वर्षांपूर्वी त्याच जागी गोद्या होत्या. तेथे वेस्ट इंडीजची साखर उतरत असे, आणि तेथून थोडे पूर्वेला ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे आपल्याकडचा माल घेऊन येत. लंडनला जाणारी आपली मंडळी राजवाडा, मोठे घड्याळ, संग्रहालये आणि खरेदी यांत आठवडा घालवतात. ग्रीनिचला पाय लागतो तो थोड्यांचाच. व्यापाऱ्याच्या घरातील माणसाने मात्र हे गाव अवश्य पाहावे, असे मला वाटते. माप कोणाचे धरायचे, हा व्यापारातला पहिला प्रश्न आहे, आणि साऱ्या जगाने जागेचे व वेळेचे माप धरले ते या गावातल्या एका टेकडीवरून.

डिसेंबरच्या मध्यास आम्ही तिघे तेथे गेलो. माझी थोरली बहीण सांगलीहून आपल्या मुलाकडे आली होती, आणि भाचा लंडनमध्येच संगणकाच्या कामात आहे. त्या दिवसांत तेथे सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारला आठ-नऊ मिनिटे कमी असतानाच मावळतो. ताईचा चोविहार गेली कित्येक वर्षे अखंड चालू आहे. त्यामुळे आमच्या दिवसाची आखणी संग्रहालयाच्या वेळांपेक्षा सूर्याच्या वेळेवर अधिक अवलंबून होती.

उत्तर तीरावरून ग्रीनिचला जायला नदीच्या तळाखालून एक पादचारी बोगदा आहे. १९०२ साली तो खुला झाला. गोदीतल्या कामगारांना पलीकडे ये-जा करता यावी हा त्यामागचा हेतू. सुमारे ३७० मीटर लांबीची ही ओतीव लोखंडाची नळी आतून पांढऱ्या फरशांनी मढवलेली आहे. दोन्ही टोकांना काचेच्या घुमटाखाली गोल जिने आहेत. खाली उतरल्यावर ताईने मोबाइलवरचा नकाशा पाहिला. आम्ही चालत होतो, निळा ठिपका मात्र मागच्या तीरावरच उभा होता. “आपण पुढे आलो, हा मागेच राहिला,” ती म्हणाली. भाच्याने सांगितले, “आई, वरचे पाणी आणि लोखंड भेदून उपग्रहांचा संकेत इथवर येत नाही. फोन तुला शेवटचे ठाऊक असलेले ठिकाण दाखवतो आहे.” मग त्याने एक गोष्ट सांगितली ती मला नवी होती. एखादे वेबपान ब्राउझरकडे ठिकाण मागते तेव्हा तीन अटी घालू शकते: उत्तर साधे हवे की अचूक, त्यासाठी किती वेळ थांबायचे, आणि किती शिळे उत्तर चालेल. ‘शिळे’ हा शब्द त्याचाच. भाजीबाजारात शोभणारी ही अट यंत्राच्या व्यवहारात ऐकून मला मौज वाटली.

पलीकडे वर आलो की समोरच ‘कटी सार्क’ हे जहाज उभे असते. १८६९ साली ते चीनमधून चहा आणण्यासाठी पाण्यात उतरवले गेले. त्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला आणि वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांचा चहाचा धंदा वाफेच्या बोटींकडे जाऊ लागला. मालकाचे नशीब म्हणावे ते हेच! पुढे या जहाजाने ऑस्ट्रेलियातून लोकर वाहिली. जहाजापलीकडे नाविक महाविद्यालयाच्या देखण्या इमारती, मग हिरवळ, आणि तिच्या टोकाला टेकडी. माथ्यावर लाल विटांची वेधशाळा आहे. तिच्या मनोऱ्यावर एक तांबडा गोळा दांड्यावर ओवलेला दिसतो. १८३३ सालापासून हा गोळा रोज एक वाजण्याच्या पाच मिनिटे आधी निम्मा वर चढतो, दोन मिनिटे उरली असता टोकाला पोहोचतो आणि बरोबर एकच्या ठोक्याला खाली पडतो. नदीतल्या जहाजांचे कप्तान तो पडताना पाहून आपापली घड्याळे जुळवून घेत. आम्ही चढावर होतो तेव्हाच तो पडला. टेकडीवर जमलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि ताईने आपल्या मनगटावरील घड्याळाकडे पाहिले; ते अर्धा मिनिट मागे होते.

ही वेधशाळा १६७५ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने उभारली ती ताऱ्यांच्या कौतुकासाठी नव्हे. भर समुद्रात जहाज उत्तर-दक्षिण दिशेने कोठे आहे, हे सूर्याच्या किंवा ध्रुवाच्या उंचीवरून कळत असे. पूर्व-पश्चिम दिशेने कोठे आहे, ते मात्र कळत नसे. त्या अज्ञानापायी माल बुडे, माणसे बुडत. १७०७ साली इंग्लंडच्या नैऋत्येस सिली बेटांच्या खडकांवर आरमाराची चार जहाजे फुटली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. १७१४ साली पार्लमेंटने रेखांश शोधण्याच्या खात्रीशीर उपायासाठी २०,००० पौंडांपर्यंतचे इनाम जाहीर केले. खगोलशास्त्रज्ञ चंद्राच्या गतीत उपाय शोधत राहिले. तो घड्याळात शोधला जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराने.

त्यातली युक्ती सरळ आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. निघालेल्या बंदरातली वेळ दाखवणारे घड्याळ जवळ असेल आणि आपण आहोत तेथे मध्यान्ह केव्हा झाली हे पाहता आले, तर दोन वेळांतला फरक म्हणजेच पूर्व-पश्चिम अंतर. अडचण एवढीच की हेलकावे, थंडी, उकाडा आणि दमट हवा सोसून बरोबर चालणारे घड्याळ तेव्हा कोणाजवळ नव्हते. हॅरिसनने त्यात आयुष्याची चार-पाच दशके घातली. त्याची चारही घड्याळे वेधशाळेत मांडली आहेत. पहिली तीन म्हणजे पितळी यंत्रांचे ढिगारेच. चौथे मात्र तळहाताहून थोडे मोठे, खिशातल्या घड्याळासारखे. १७६१ च्या अखेरीस निघालेल्या जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांनी ते अवघे पाच सेकंद मागे पडले होते. ताई त्या काचेच्या पेटीपुढे बराच वेळ उभी राहिली. इतके करूनही इनामाची पूर्ण रक्कम त्याच्या हाती पडायला त्याला म्हातारपण आले आणि राजापर्यंत दाद मागावी लागली, हे ऐकून ती म्हणाली, “सरकारी येणे तिकडेही तसेच का!”

या घड्याळांसमोर उभे असताना हातातल्या मोबाइलकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते, कारण तोही वेळेवरूनच जागा ओळखतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळे आहेत आणि प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो: माझी जागा ही, आणि आता वाजले एवढे. तो निरोप फोनपर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. चार उपग्रहांचे निरोप किती उशिरा आले, यावरून फोन त्यांची अंतरे काढतो आणि स्वतःची जागा ठरवतो. येथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरांची चूक. सुताराने जहाजासाठी जे केले, तेच आभाळात चालले आहे. कसोटी तेवढी कैकपटींनी कठोर झाली.

वेधशाळेच्या अंगणात फरसबंदीवर धातूची एक पट्टी बसवली आहे. तिच्या एका बाजूला पूर्व गोलार्ध, दुसऱ्या बाजूला पश्चिम. ही रेषा जॉर्ज एअरी या राजज्योतिषाच्या दुर्बिणीच्या मधोमध जाते. त्या दुर्बिणीतून १८५१ च्या जानेवारीपासून तारे मोजले जाऊ लागले. लोक रांग लावून एक पाय अलीकडे व एक पलीकडे ठेवून छायाचित्र काढतात. आम्हीही काढले. मग भाच्याने आपल्या फोनवर स्वतः बनवलेले एक साधे पान उघडले. त्यावर एकच बटण होते: ‘मी कोठे आहे?’ बटण दाबताच फोनने विचारले, या पानाला तुमचे ठिकाण सांगायचे का? त्याने होकार दिला आणि पानावर तीन आकडे उमटले. अक्षांश ५१.४७७९. रेखांश उणे ०.००१५. आणि तिसरा आकडा: ५ मीटर.

रेखांश शून्य यायला हवा होता, तो आला नाही. पट्टीवर पाय होता आणि फोन म्हणत होता की तुम्ही शून्याच्या पश्चिमेला आहात, सुमारे १०० मीटर. शेजारी उभे असलेले एक गृहस्थही आपल्या फोनकडे पाहून मान हलवत होते. फोन चुकला असे म्हणावे, तर तो तिसरा आकडा आड येतो. हा आकडा सहसा कोणी वाचत नाही, परंतु उत्तरातला सर्वांत प्रामाणिक भाग तोच होय. ब्राउझर पानाला ठिकाण सांगतो तेव्हा ‘यात इतक्या मीटरांचे अधिक-उणे धरा’ हेही सांगतो. खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ९५ टक्के, असा त्याचा अर्थ. मोकळ्या आभाळाखाली तो ५ मीटर म्हणत असेल, तर १०० मीटरांची तफावत त्याच्या माथी मारता येत नाही.

तफावतीचे कारण जमिनीच्या पोटात आहे. एअरीने आपली दुर्बीण सरळ लावली ती पाऱ्याच्या शांत पृष्ठभागाच्या आधाराने, म्हणजे त्या जागी ओळंबा जिकडे लोंबेल तिकडे पाहून. पण पृथ्वीचे वस्तुमान सर्वत्र सारखे पसरलेले नाही. त्यामुळे ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे अगदी नेमका रोखलेला नसतो, किंचित कललेला असतो. उपग्रह ओळंबा पाहत नाहीत; ते पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्याभोवती फिरतात आणि त्यांची रेखांशांची जाळी त्या मध्याला बांधलेली असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाने ही नवी जाळी स्वीकारली, तेव्हा ताऱ्यांवरून चालत आलेला वेळेचा हिशेब अखंड ठेवण्यात आला आणि त्याच्या मोबदल्यात जमिनीवरची रेषा १०२ मीटर पूर्वेला सरकली. वेळेची वही तीच राहिली, शेताचा बांध तेवढा हलला. जगातले सर्व ब्राउझर उत्तर देतात ते याच नव्या जाळीतले. तसा नियमच आहे.

हा नियमही फार जुना नाही. वेबपानाने ठिकाण कसे मागावे आणि ब्राउझरने ते कसे द्यावे, याचा पहिला मसुदा वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २००८ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी फायरफॉक्समध्ये आणि आयफोनच्या सफारीमध्ये ही सोय आली. त्यात पहिल्यापासून एक अट आहे: माणसाच्या परवानगीवाचून ठिकाण द्यायचे नाही. २०१६ पासून क्रोमने आणखी एक अट घातली आणि इतरही त्या वाटेने गेले: ज्या पानाचा पत्ता सुरक्षित, म्हणजे कुलूपबंद जोडणीचा नाही, त्याला विचारण्याचाही अधिकार नाही. पान थेट उपग्रहाशी बोलत नाही. ते ब्राउझरला विचारते आणि ब्राउझर फोनला. फोन उपग्रह, आसपासच्या वायफायची नावे, मोबाइलचे मनोरे, जे हाताशी असेल त्यावरून उत्तर तयार करतो. पानाला हाती येतात ते केवळ आकडे. ते कोणत्या मार्गाने काढले, हे त्याला कळत नाही. म्हणून घरात बसल्यावर ठिपका शेजारच्या गल्लीत दिसतो, आणि समोरच्या तीरावरच्या त्या काचेच्या इमारतींमध्ये तो या चौकातून त्या चौकात उड्या मारतो: संकेत भिंतींवर आपटून, लांबचा फेरा घेऊन येतात.

शून्य ग्रीनिचलाच का, याचे उत्तर व्यापाऱ्याला पटेल असे आहे. निसर्गाने विषुववृत्त दिले, शून्य रेखांश दिला नाही. तो कोठेही धरता येतो. आपल्याकडे सिद्धान्तग्रंथांनी तो उज्जैनवरून धरला होता, आणि उज्जैनच्या पूर्वेला वा पश्चिमेला असणाऱ्या गावासाठी गणितात जो फरक करावा लागे त्याला ‘देशांतर’ असे नाव होते. फ्रेंच लोक पॅरिस धरत. १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये २५ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, तोवर जगातील जवळजवळ ७२ टक्के जहाजवाहतूक ग्रीनिचवरून काढलेले नकाशे वापरत होती. ग्रीनिचच्या बाजूने २२ मते पडली, विरोधात एक. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. ज्याचे माप बाजारात आधीच चालते त्याचेच प्रमाण ठरते, याहून वेगळे काही तेथे घडले नाही. आपली मुंबईही लगेच वाकली नाही. मुंबईचा रेखांश सुमारे ७२.८ अंश, चार मिनिटांनी गुणले तर ४ तास ५१ मिनिटे. हीच ‘बॉम्बे टाइम’. १९०६ साली साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली ही स्थानिक वेळ १९५५ पर्यंत चालत राहिली. घरातल्या वृद्धांच्या तोंडी ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकला असेल, त्यांना त्याचा उगम या पट्टीवर सापडेल.

वेधशाळेच्या दाराशी चोवीस तासांच्या तबकडीचे एक जुने घड्याळ भिंतीत बसवलेले आहे. त्याच्याजवळ आले की एका कुटुंबाची आठवण काढल्यावाचून मला पुढे जाववत नाही. जॉन हेन्री बेलव्हिल हा वेधशाळेतला साहाय्यक १८३६ पासून लंडनच्या घड्याळवाल्यांना ग्रीनिचची अचूक वेळ वर्गणी घेऊन पुरवू लागला. त्याच्यामागे त्याच्या विधवेने आणि नंतर मुलगी रूथ हिने हा व्यवसाय चालवला. रूथबाई ‘अर्नोल्ड’ नावाचे खिशातले घड्याळ घेऊन टेकडीवर येई, ते जुळवून घेई आणि गिऱ्हाइकांच्या दुकानोदुकानी जाऊन त्यांना वेळ पाहू देई. तारायंत्र आले, टेलिफोन आला, रेडिओवर ठोके वाजू लागले, तरी १९४० पर्यंत तिची फेरी चालू होती. तीन माणसांनी मिळून शंभर वर्षे केवळ बरोबर वेळ विकली! माल नाही, गोदाम नाही, उधारी असेल तर थोडी. विश्वास तेवढा भांडवल. माझ्या मते ग्रीनिचमधली सर्वांत सुरस गोष्ट हीच, आणि तिची पाटी मात्र कोणी शोधायला जात नाही.

अडीच वाजून गेले तशी ताईला सूर्यास्ताची नक्की वेळ पाहावीशी वाटली. तिच्या फोनवर नवकारशी-चोविहाराच्या वेळा दाखवणारे एक पान होते. तिने ते उघडले. ठिकाण सांगायचे का, असे फोनने विचारताच तिने चटकन ‘नाही’ दाबले, कारण मुलांनीच तिला बजावून ठेवले होते: कोणी लोकेशन मागितले तर द्यायचे नाही. पानाने तरीही सूर्यास्त सांगितला: संध्याकाळी सहा वाजून गेल्यानंतरचा. टेकडीवरून पाहिले तर सूर्य आताच झाडांच्या शेंड्यांशी आला होता. भाच्याने फोन हातात घेऊन कोपऱ्यातली बारीक अक्षरे दाखवली. तेथे ‘मुंबई’ असे लिहिले होते.

घडले ते असे. परवानगी मिळाली नाही म्हणजे पान मुके होते असे नाही. ते अंदाज बांधते. इंटरनेटची जोडणी कोणत्या दारातून आली, यावरून शहराचा तर्क करता येतो आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. भारतीय सिमकार्ड परदेशात फिरत असले तरी त्याची इंटरनेटची वाट बहुधा आपल्या कंपनीच्या भारतातल्या दारातूनच जाते. त्यामुळे ताई ग्रीनिचच्या टेकडीवर उभी असताना पानाच्या लेखी ती मुंबईत होती, सांगलीतही नव्हे! तिने त्या वेळेवर विसंबून ताट वाढले असते, तर दोन तासांपूर्वीच अंधार झालेला असता. ढगाळ दिवशी, भिंतींच्या आड, नवख्या शहरात ते लक्षातही आले नसते. दिवाळीच्या फराळाच्या डब्यांसह मुलाकडे जाणाऱ्या किती आयाबहिणींच्या हाती असाच फोन असेल!

“मग देऊ का याला माझा पत्ता?” तिने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि उत्तर हो किंवा नाही एवढ्यात मावणारे नव्हते. सूर्यास्ताच्या वेळेला किती अचूक ठिकाण लागते, हे आम्ही त्या बाकावर बसूनच मोजले. ग्रीनिचच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण ६९ किलोमीटर. त्याला चार मिनिटे. म्हणजे पूर्व-पश्चिम सतरा किलोमीटरांना एक मिनिट. मुंबई आणि नागपूर यांच्यात केवळ रेखांशामुळे सुमारे २५ मिनिटांचा फरक पडतो, मुंबई आणि सांगली यांच्यात सातेक मिनिटांचा. गाव कळणे आवश्यक आहे हे उघड. घर कळण्याची मात्र काहीच गरज नाही. एअरीची रेषा आणि फोनची रेषा यांतले १०२ मीटर सूर्यास्तात मोजले तर सेकंदाचा तिसरा भाग भरतो.

आणि फोनमध्ये तशी सोय आहे. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून अचूक ठिकाणाऐवजी ढोबळ ठिकाण देता येते, ज्यात पानाला आपला परिसर कळतो, दार कळत नाही. परवानगी ‘फक्त या वेळी’ एवढीच देण्याचाही पर्याय असतो. भाच्याने आईच्या ब्राउझरला ढोबळ ठिकाणाचीच मुभा ठेवली आणि पान पुन्हा उघडले. या वेळी ताईने ‘फक्त या वेळी’ निवडले. कोपऱ्यात लंडन आले आणि सूर्यास्त आला तीन वाजून बावन्न मिनिटे.

याबाबतीत आपल्या घरांतल्या जुन्या रीती मला अधिक शहाण्या वाटतात. आंगडियाच्या हाती कोणत्या गाडीने काय निघाले, हे दुकानात चार माणसांपुढे कोणी बोलत नाही. पण गिऱ्हाईक दाराशी आले असता पत्ता सांगण्यात कोणी आढेवेढेही घेत नाही. ज्याला जेवढे लागते तेवढे सांगावे. ‘जवळचे दुकान शोधा’ म्हणणाऱ्या पानाला पिनकोड पुरतो. घरपोच माल पाठवणाऱ्याला दार लागते, तेही त्या दिवसापुरते. बातम्यांचे किंवा पाककृतींचे पान उघडताक्षणी ठिकाण मागू लागले, तर त्याचा हेतू आपल्या जेवणाशी निगडित नसतो, हे ओळखावे. बटण दाबल्यावर, कशासाठी हवे ते सांगून विचारणारे पान मी भले समजतो. पान मिटले की त्याला आपली जागा कळणे थांबते, हा ब्राउझरचा एक गुण. ॲपला मात्र सदाची मुभा दिली असेल तर ते मागच्या मागेही पाहत राहू शकते. तरी एकदा गेलेला आकडा पलीकडच्या वहीत लिहिला गेला की तो आपल्याला खोडता येत नाही. काही ब्राउझर दिलेली परवानगी लक्षात ठेवतात. पत्त्याच्या पट्टीतील चिन्हावर बोट ठेवले की ती दिसते आणि तेथेच काढूनही घेता येते. महिन्यातून एकदा, उधारीची वही चाळावी तशी ही यादी चाळावी.

सव्वातीनला ताईने डबा उघडला. दशम्या, कोरडी चटणी, खाखरे आणि थर्मासमधले उकळून आणलेले पाणी. त्या अक्षांशावर डिसेंबरचा सूर्य ऐन मध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून पंधरा अंशांपलीकडे चढत नाही; तिसऱ्या प्रहरी तर तो शेकोटीतल्या निखाऱ्यासारखा नुसता रंगाचा उरतो. खाली नदी, तिच्यापलीकडे काचेचे मनोरे, त्यांच्यावर तांबूस उजेड. साडेतीनला तिने पाणी घेतले, हात जोडले आणि पच्चक्खाण केले. घड्याळात पाहिले तर वीस-बावीस मिनिटे हाती होती.

त्या मिनिटांत आम्ही फोनचे शून्य शोधायला निघालो. वेधशाळेच्या भिंतीला वळसा घालून बागेतून पूर्वेकडे चालत गेलो. भाच्याच्या पानावरचा उणे आकडा पावलागणिक लहान होत होता: उणे ०.००१०, उणे ०.०००६, उणे ०.०००२. ताई पुढे झाली. तिला आता त्यात गोडी वाटू लागली होती. बागेतल्या पायवाटेजवळ आकडा शून्याला टेकला, क्षणात अधिक झाला, पुन्हा उणे झाला. पाच मीटरांच्या त्या वर्तुळात तो डोलत राहिला. तेथे पट्टी नव्हती, रांग नव्हती, तिकीट नव्हते. एक मुलगा कुत्र्याला घेऊन आमच्या मधून, म्हणजे बहुधा एका गोलार्धातून दुसऱ्यात, धावत निघून गेला.

“इथे फोटो काढ,” ताई म्हणाली. भाच्याने काढला. मग तो पाठवण्याआधी तिने विचारले, “या फोटोतही ठिकाण लिहिलेले असते का रे?” असते, तो म्हणाला, कॅमेऱ्याला मुभा दिली असेल तर. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग यातले राहू दे. हे सांगलीला दाखवायचेच आहे.”